आधी इतिहास, मग पेरू

अण्णांच्या बागेत फुकट काही मिळत नाही, आणि पैसे दिले तरी लवकर मिळत नाही. फाटकापाशी तिकीट फाडतात, हातपाय धुवायला पाणी देतात, माठातलं गार पाणी पाजतात आणि मग अण्णा घसा खाकरतात. जुने पाहुणे हे खाकरणं ऐकलं की सावलीची जागा धरतात. नवखा मात्र हमखास विचारतो, "पेरू कुठल्या बाजूला आहेत?"

"पेरू लई पुढं हायेत साहेब," अण्णा शांतपणे सांगतात. "आपण अजून निजामात हाव."

अण्णांचं आडनाव विचारू नका. कळमनुरीहून हिंगोलीच्या रस्त्याला लागा नाहीतर आखाडा बाळापूरच्या, चार फाटे सोडून पाचव्या फाट्यावर 'कृषी पर्यटन केंद्र' अशी पाटी आणि पाटीखाली एक अण्णा सापडायची शक्यता असते. तालुका बदलला तर आंब्याची जात बदलते, अण्णा बदलत नाहीत. मी अशा सगळ्यांना इथं एकाच बांधावर गोळा केलं आहे. त्यात थोडं वाढवून सांगितलं गेलं असेल, तर ती सवय मला त्यांच्याच सहवासात लागली.

पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक लिहितं, दुसरं सहीला मागणाऱ्यांसाठी. हातात बांबूची काठी. ही काठी चालायला नाही. काठीच्या एका टोकाने अण्णा झाड दाखवतात, आणि इतिहास अर्धा सोडून फळाकडे गेलेला हात दुसऱ्या टोकाने मागे आणतात. वय अडुसष्टच्या आसपास. बाग सात एकर. पण ती बघायची ती एकरांनी नाही, सालांनी. अण्णांनी झाडांची रांग अशी काही लावून घेतली आहे की फाटकातून शिरलेला माणूस हैदराबाद संस्थानात शिरतो, आणि हल्लीच्या काळात पोचेपर्यंत त्याला दोन वेळा तहान लागते.

पहिला मुक्काम शेप्याखाली. शेप्या म्हणजे शेपूचा वास मारणारा गावरान आंबा. तो अण्णांच्या आजोबांनी लावला. कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. जमीन आजोबांनी हाली सिक्क्यात घेतली. हाली म्हणजे निजामाचा रुपया, आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार येत. हा हिशोब अण्णा अचूक सांगतात. जमिनीची किंमत मात्र पाहुणा बघून ठरते. शाळेची सहल असेल तर चारशे हाली, बँकेची माणसं असतील तर चार हजार. एकदा नांदेडच्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे आजचे किती झाले?" अण्णांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आजच्या पैशात ती जमीन येतच नाही साहेब. म्हणून तर हालीत घेतली."

शेप्याखालीच आबांचा प्रवेश होतो. आबा म्हणजे अण्णांचे वडील आणि या बागेच्या इतिहासाचे नायक. शिक्षक मंडळी आली की आबांनी रझाकारांच्या दिवसांत या आमराईत माणसं लपवलेली असतात. वारकरी मंडळी आली की आबा माळकरी होतात आणि दर एकादशीला इथून पायी नर्सीला, नामदेव महाराजांच्या गावी जातात. कृषी खात्याची जीप आली की त्याच आबांनी शिवारातलं पहिलं आंब्याचं कलम बांधलेलं असतं. एका रविवारी तिन्ही प्रकारचे पाहुणे एकदम आले, तेव्हा आबांना जेवणाच्या आधी माणसं लपवून, नर्सीला जाऊन, परत येऊन कलम बांधावं लागलं. अण्णांनी ते करवून घेतलं. एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी हळूच वयाची बेरीज मांडली. १७ सप्टेंबर १९४८ ला, संस्थान भारतात आलं त्या दिवशी, आबा जेमतेम नऊ वर्षांचे निघाले. मास्तरांनी ते बोलून दाखवलं.

"त्या काळी पोरं लवकर पोक्त व्हायची," अण्णा म्हणाले आणि काठी विहिरीकडे वळवली.

मे महिना असेल तर शेप्याखालून निघताना हातावर एक आंबा पडतो, पिळून खायचा. एरवी सावली मिळते. सावलीही आजोबांचीच, हे सांगितलं जातं.

विहिरीपाशी १९७२ चा दुष्काळ उभा असतो. मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसाला 'बहात्तर' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, रेशनची रांग, खडी फोडायला गेलेली बायामाणसं, पोरांना मिळणारी सुकडी. अण्णा तेव्हा शाळेत होते. सुकडीचं वर्णन ते इतक्या चवीने करतात की समोरची शहरी पोरं आईकडे सुकडी मागतात. मग विहिरीकडे काठी करून ते म्हणतात, "ही विहीर आबांनी त्या बहात्तरात खंदली. खाली खडक, वर ऊन, पोटात काही नाही."

इथं पाठीमागून एक आवाज येतो. तो मावशींचा. मावशी म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती. त्या खुरपं हातात घेऊन आळी करत असतात आणि ऐकत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकतात.

"विहीर म्या आल्यावर खंदली," मावशी मान वर न करता सांगतात. "टोपलं माझ्या डोक्यावर व्हतं."

अण्णा क्षणभर थांबतात. मग पाहुण्यांकडे वळून म्हणतात, "इतिहासात दोन मतं असतात."

दुसरं मत खरं असतं हे विहिरीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये कोरलेल्या सालावरून कळतं. त्या सालावर अण्णा नेमके पाय ठेवून उभे असतात.

विहिरीपाशी बोरं मिळतात, जानेवारीत असाल तर. तेव्हाच हुरडाही असतो. खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, गूळभेंडीची नाहीतर सुरतीची कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ. या सुमाराला गर्दी फार, आणि गर्दी अण्णांना आवडत नाही. हुरडा खाणाऱ्याचं तोंड चालू असतं आणि कान बंद असतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. हुरड्याच्या दिवसांत ते निजामाला दहा मिनिटांत आटोपतात आणि संध्याकाळपर्यंत नाराज राहतात.

मधल्या काळात एक मजेचा टप्पा आहे. आजोबा हैदराबाद संस्थानात जन्मले, १९५६ नंतर त्यांनी मुंबई राज्याला सारा भरला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा. "आम्ही कुठं गेलो नाही," अण्णा सांगतात. "सरकारच आमच्या अंगावरून येतं-जातं." हे वाक्य ते सगळ्यांपुढे बोलतात, जीपवाल्यांपुढेही, आणि माझ्या मते एवढ्या एका वाक्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल होतात.

तिसरा मुक्काम मोसंबीचा. म्हणजे मोसंबीच्या जागेचा.

१९९० मध्ये सरकारने रोजगार हमीला फळबाग जोडली. खड्डे खणायची मजुरी, रोपं, खतं, तीन वर्षं झाडं जगवायचा खर्च सगळा अनुदानात. आजवर नुसती आमराई ही श्रीमंताची हौस होती. आता जिराईत-बागाईत सगळेच सातबारा घेऊन रांगेत उभे राहिले. आबा उभे राहिले नाहीत. सरकार फुकट देतं ते परत मागायला येतं, असं त्यांचं मत. अण्णा उभे राहिले. दोन एकर मोसंबी, रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली. ती परभणी जिल्ह्यात लावली आणि ऐन भरात आली तेव्हा जागेवरच हिंगोली जिल्ह्यात गेली.

मोसंबीने अण्णांना शास्त्र शिकवलं. या झाडाला सुखात ठेवलं तर ते फक्त पानं वाढवतं. बहार धरायचा तर आधी ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागेस्तोवर झाड तहानलेलं ठेवायचं, मग आळ्यात खत घालून पाणी सोडायचं. की झाड फुलांनी भरतं. मृगाचा बहार वेगळा, आंबियाचा वेगळा, हस्ताचा वेगळा. कुठला धरायचा ते विहिरीला विचारायचं. अण्णांचा सगळा पर्यटन व्यवसाय या एका शास्त्रावर उभा आहे. "पाहुण्यालाबी ताण द्यावा लागतो," हे त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं. "आल्या आल्या पेरू देला तर एक खातो अन् गाडीत बसतो. दोन तास नाही देला तर कॅरेट नेतो."

मोसंबीची दहा-बारा वर्षं सोन्याची गेली. व्यापारी बांधावर येऊन उक्ता सौदा करत. त्या पैशात एक खोली पक्की झाली, एका बहिणीचं लग्न झालं, मोटारसायकल आली. हा भाग अण्णा भरभर सांगतात. आणि मग २०१२ येतं.

त्या साली पाऊस रुसला. जालना-औरंगाबादकडे तर मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरने झाडं जगवली, आणि टँकर परवडेनात तेव्हा कुऱ्हाड लावली. अण्णांनीही उन्हाळाभर टँकर घेतला. विहिरीत पाणी नव्हतं म्हणून टँकर आधी विहिरीत ओतायचा, मग विहिरीतून ठिबकला, म्हणजे निदान विहिरीला तरी बरं वाटावं. अर्धी बाग वाचली. वाचलेल्या झाडांना डिंक्या रोग लागला. २०१५ पुन्हा कोरडं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते अण्णांनी टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी उरलेली झाडं तोडायला माणसं लावली. इसापूरचं धरण तालुक्याच्या उशाला आहे, पण कालवा ज्या बाजूने जातो त्या बाजूला अण्णांचा बांध नाही.

एवढं प्रकरण सांगताना काठी हलत नाही. पाहुणा शिक्षक असो, वारकरी असो की साहेब, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. टँकर किती घेतले तो आकडा दर वेळी तोच असतो. मावशीही मागून काही बोलत नाहीत. या मुक्कामावर खायला काहीच मिळत नाही.

मग अण्णा टोपी सारखी करतात आणि बांधावरच्या सीताफळांकडे चालू लागतात, आणि आबा पुन्हा जिवंत होतात. कारण सीताफळं आबांची. कुणी लावली नाहीत, पाणी दिलं नाही, अनुदान तर नाहीच. याचा पाला शेरडं तोंडात धरत नाहीत, उन्हाळ्यात झाड आपणच पानं झाडून झोपी जातं आणि पावसाला उठतं. २०१२ ला मोसंबी गेली, बांधावरचं एक सीताफळ गेलं नाही. आबांनी तेव्हा मुलाला एवढंच म्हटलं म्हणे, "सरकारची झाडं मेली, मपली हायेत." अण्णांनी हे मनावर घेतलं आणि मोसंबीच्या जागी अर्धा एकर सीताफळ लावलं, बालानगर. अर्थात अनुदानावर. आबांना सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आगेमागे गेलात तर इथं डोळा उघडलेलं सीताफळ हातात पडतं. बिया कुठंही थुंकायची परवानगी आहे. पुढच्या पिढीला बांध लागेल, असं अण्णा म्हणतात.

आता पेरू जवळ आलेला असतो. तो दिसत असतो, त्याचा वास येत असतो, आणि लहान मुलं काठीच्या टप्प्याबाहेरून त्याच्यापर्यंत पोचायचा मार्ग शोधत असतात. पण पेरूचीही जन्मकथा आहे. वाणाचं नाव सरदार. त्याआधीचं नाव लखनौ-४९. घराणं अलाहाबाद सफेद्याचं. आणि हा निवडला गेला पुण्यात, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात, १९२७ साली. "अलाहाबादचा माणूस, नोकरी पुण्याला, नाव लखनौचं," अण्णा सांगतात, "अन् बदली झाली कळमनुरीला. कोन येतं व इकडं खुशीनं? पण रमला." एवढं बोलून ते स्वतः एक पेरू तोडतात, पंचाला पुसतात आणि पहिला माणूस सोडून सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या माणसाला देतात. शेवटपर्यंत ऐकणारा तोच असतो, असा त्यांचा अनुभव आहे. खरं तर मागचा माणूस फोनवर बोलत असतो.

आता हे सगळं दाखवायची बुद्धी कशी झाली? मोसंबी गेल्यावर एक भाचा पुण्याहून आला. महाबळेश्वरकडे लोक स्ट्रॉबेरीच्या शेतात पैसे देऊन शिरतात, बारामतीकडे शेतकरी पाहुण्यांना चुलीवरची भाकरी खाऊ घालतात आणि त्याचे पैसे घेतात, १६ मे हा जागतिक कृषी पर्यटन दिन असतो, असं त्याने सांगितलं. अण्णांना पहिल्या दोन गोष्टी पटल्या नाहीत. तिसरी पटली. जिचा दिन असतो ती गोष्ट खरी असते. पुढे २०२० मध्ये राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरणच आलं. नोंदणी करा, प्रमाणपत्र घ्या, जमीन किमान एक एकर हवी. अण्णांकडे सात होती. आबांचा शिरस्ता मोडून ते आयुष्यात तिसऱ्यांदा रांगेत उभे राहिले. प्रमाणपत्र आता देवघराशेजारी आहे.

गावाने महिनाभर करमणूक करून घेतली. हळदीला नाहीतर सोयाबीनला बारा महिने वाकणाऱ्या माणसाला, शेत बघायला कुणी पैसे देतं ही कल्पनाच झेपत नाही. शेजारच्या बांधावरून रोज एकच आरोळी येई, "पाव्हणे, इकडं या, आमच्यात फुकट हाय. खुरपं बी देतो!" अण्णांनी मनावर घेतलं नाही. महिन्याभराने एका सहलीतल्या पोरांना खुरपायचंच होतं, तेव्हा त्यांनी ती खरोखर शेजाऱ्याच्या शेतात पाठवली आणि 'प्रत्यक्ष शेतीचा अनुभव' म्हणून माणशी वीस रुपये जास्त लावले. शेजारी आता बोलत नाही. त्यानेही पाटी रंगवायला टाकली आहे.

अण्णांच्या मुलाचं मत निराळं आहे. तो म्हणतो लोक इतिहासाला येत नाहीत, फोटोला येतात. त्याने पत्र्याचा एक मोठा आंबा करून आणला, मध्ये तोंड घालायला भोक. तिथं रांग लागते. त्याने बापाच्या कथनाचं रीलही करून टाकलं. दीड मिनिटाचं. ते निजामाच्या आधीच संपलं. अण्णांनी ते बघितलं आणि विचारलं, "पुढचा भाग कवा?" तेव्हापासून बापलेकांत बोलणं कामापुरतं.

संध्याकाळ उरली असेल तर एक जादा मुक्काम असतो, अगदी आवडत्या पाहुण्यांसाठी. अण्णा सगळ्यांना मागच्या माळावर नेतात आणि गप्प राहायला सांगतात. स्वतःही गप्प राहतात, हे विशेष. मग हळू आवाजात सांगतात की इथून जवळच, औंढ्याकडे, दुधाळ्याच्या शिवारात लायगोची प्रयोगशाळा व्हायली आहे. चार-चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात, त्यात लेसर, आणि लांब कुठंतरी आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आपटली तर त्याची लहर इथं मोजणार. २६०० कोटींचं काम. त्यासाठी फार निवांत जमीन लागते, गाड्यांची घरघर नाही, जमिनीला थरथर नाही. "साऱ्या देशात हुडकली अन् आपल्या जिल्ह्यात गावली," अण्णा म्हणतात. "म्हंजे शास्त्रज्ञ बी आपल्याकडं काय करायला यायलेत? ऐकायला!"

या जिल्ह्यात अधूनमधून जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात, आणि १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ चा भूकंप झाला त्याचं केंद्र याच तालुक्यात, रामेश्वर तांड्याला होतं, असं कुणीतरी बोलतंच. अण्णा त्यालाही तयार आहेत. ते परतीच्या वाटेवरचं एक वाकडं पेरूचं झाड दाखवतात. हे त्या दिवशी वाकलं. सकाळी सव्वासातला.

"म्हशीनं अंग घासून वाकलंय," मावशींचा आवाज येतो. "दोन सालं झाली त्या आधी."

निरोप घेताना अभिप्रायाची वही पुढे येते. तीत चार भाषांतले शेरे आहेत आणि मथितार्थ एकच : माहिती फार छान, पेरू कमी पडले. अण्णा त्यातला पूर्वार्ध मोठ्याने वाचून दाखवतात.

तर जाणार असाल तर सकाळी लवकर जा, टोपी आणि पाण्याची बाटली न्या, पोरांना घरून खाऊन घ्यायला सांगा आणि विहिरीपाशी मावशी काय म्हणतात तिकडे कान द्या. घाई असेल तर मात्र पुढच्या फाटकाने जाऊच नका. बागेला वळसा घालून कच्च्या रस्त्याने मागे या. तिथं दुपारनंतर मावशी तराजू घेऊन बसतात. तोच माल, भाव किलोमागे दहा रुपये कमी, आणि सुट्टे पैसे परत मिळतात.